भवानी पेठेचा परत आलेला लिफाफा : हस्ताक्षरांनी सजवलेल्या एका टपाल-मालिकेचा प्रकरण अभ्यास

मी सोलापुरात सुलेखन आणि अक्षरांकन शिकवते. येथे मांडलेले प्रकरण माझ्या वर्गातील एका विद्यार्थिनीचे आहे. तिने टपालकलेसाठी, म्हणजे ज्याला सर्वत्र मेल आर्ट म्हटले जाते त्यासाठी, स्वतःच्या हाताने सजवलेल्या बारा लिफाफ्यांची मालिका आखली होती. त्यांपैकी नऊ भारतातील आणि तीन परदेशांतील पत्त्यांवर जायचे होते. जूनमध्ये नऊ लिफाफे टपालपेटीत पडले आणि पंधरा दिवसांच्या आत त्यांपैकी एक तिच्याच दारात परत आला. तो परत का आला, याचा शोध घेताना संपूर्ण मालिकेची रचना बदलावी लागली. पहिली रचना मी स्वतः तपासून मंजूर केली होती, त्यामुळे चुकीत माझाही वाटा आहे आणि तो मी मोकळेपणाने नोंदवीत आहे.

ज्या वाचकांचा या कलाप्रकाराशी परिचय नाही त्यांच्यासाठी थोडी पार्श्वभूमी देते. टपालाचा कलेसाठी जाणीवपूर्वक वापर करणाऱ्यांमध्ये अमेरिकन कलावंत रे जॉन्सन यांचे नाव प्रथम घेतले जाते. त्यांच्या पत्रमित्रांच्या वर्तुळाला १९६२ मध्ये ‘न्यूयॉर्क कॉरस्पॉन्डन्स स्कूल’ हे नाव मिळाले आणि १९७० मध्ये न्यूयॉर्कच्या व्हिटनी संग्रहालयात त्या पत्रव्यवहाराचे प्रदर्शन भरले. पुढे जगभर पसरलेल्या या परंपरेत काही संकेत रूढ झाले: प्रवेशशुल्क नाही, परीक्षक नाहीत, आलेले प्रत्येक काम मांडायचे आणि कोणतेही काम परत पाठवायचे नाही. ज्या कलेत निवड होतच नाही, त्या कलेत काम पोहोचणे हीच एकमेव कसोटी उरते. विद्यार्थिनीला मी हे सांगितले होते, परंतु त्याचा अर्थ आम्हा दोघींना पुरता उमगला तो जूनच्या अखेरीस.

मूळ आराखडा

तिचे घराणे तेलुगू मातृभाषेचे, विणकाम करणारे. वडील जकार्ड मागावरील चादरींच्या नक्षीचे ग्राफ काढत असत आणि आता निवृत्त आहेत. त्यामुळे लिफाफा म्हणजे लहानशी चादर, ही कल्पना तिला सहज सुचली. सोलापुरी चादरीला चहूबाजूंनी काठ असतो, आत मैदान असते, आणि चादर उलटी केली की तीच नक्षी उलट्या रंगांत दिसते. लिफाफ्याच्या पुढच्या बाजूला पांढऱ्यावर गडद निळे आणि मागच्या बाजूला निळ्यावर पांढरे, असा तिचा बेत होता, आणि तो मला आजही अत्यंत सुंदर वाटतो. काठासाठी तिने ‘दुप्पटी’ हा तेलुगू शब्द निवडला. त्याचा अर्थ पांघरूण किंवा चादर असा होतो. तो शब्द तेलुगू लिपीतच, एकामागून एक, चारही कडांनी फिरवायचा होता. तेलुगू अक्षरांना शिरोरेषा नसते, त्यांतील अनेकांच्या माथ्यावर तलकट्टू नावाची लहानशी खूण असते, आणि त्या खुणांची रांग खरोखरच काठाच्या दातऱ्यांसारखी दिसते.

आकार तिने सी-६, म्हणजे ११४ गुणिले १६२ मिलिमीटर, असा घेतला. हा लिफाफा एका ए-४ कागदातून, बाजूच्या दुमडी आणि वरची झाप धरून, व्यवस्थित निघतो, आणि ए-४ पत्र दोनदा घडी घालून त्यात बसते. कागद कार्ट्रिज, म्हणजे चित्रकलेचा जाडसर कागद, चौरस मीटरला १२० ग्रॅम वजनाचा. एका चौरस मीटरचे सोळा ए-४ होतात, म्हणजे लिफाफा साडेसात ग्रॅमचा आणि आतले साधे पत्र सुमारे पाच ग्रॅमचे. वीस ग्रॅमपर्यंतच्या पत्राला पाच रुपयांचे तिकीट पुरते, हा हिशेब आम्ही आधीच केला होता.

पत्त्याची अक्षरे मात्र तिने मोडीच्या वळणाने काढली. त्याच महिन्यात मी वर्गात मोडीचा परिचय करून दिला होता. मोडी लिहिताना आधी पानभर शिरोरेषा आखतात आणि मग तिला अक्षरे लटकवीत जातात, हे तिला फार भावले. तिने बाळबोध, म्हणजे नेहमीची देवनागरी, अक्षरेच ठेवली, पण शिरोरेषा मोडीसारखी एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत अखंड ओढली. लिफाफ्यावर ती रेषा मागावर ताणलेल्या धाग्यासारखी दिसत होती. मी पाहिले आणि शाबासकी दिली.

पहिली फेरी

नऊपैकी पाच लिफाफे जसेच्या तसे पोहोचले. नागपूरच्या लिफाफ्यात तिने चादरीचा एक जाड तुकडा घातला होता. तुकडा ऐनवेळी घातल्याने वजन पुन्हा केले नव्हते. घरच्या काट्यावर तसाच तुकडा घालून नंतर मोजले तेव्हा ते चोवीस ग्रॅम भरले. तिकीट पाच रुपयांचे कमी पडले आणि नियमाप्रमाणे कमी पडलेल्या रकमेच्या दुप्पट, म्हणजे दहा रुपये, घेणाऱ्याला भरावे लागले. रत्नागिरीला गेलेला लिफाफा कोकणातल्या पावसात सापडला. पत्ता लिहिताना वापरलेली फाउंटन पेनची शाई पाण्यात विरघळणारी असल्याने पत्त्याची तिसरी ओळ निळसर डाग बनून गेली. सोलापूर कमी पावसाचे गाव. येथे बसून काम करणाऱ्याला शाई भिजण्याची भीती आपणहून आठवत नाही. उलट येथे एप्रिल-मेच्या दुपारी टाकाच्या निबेवरची शाई अक्षर पुरे होण्याआधीच वाळते, म्हणून दौतीत थेंबभर पाणी घालण्याची सवय आम्हाला लागलेली असते. ही सवय आणि ती चूक एकाच हवेतून आलेली आहेत.

आठवा लिफाफा पुण्यात धनकवडीला जायचा होता आणि तो व्यवस्थित गेला. तरी मी त्याची वेगळी नोंद करीत आहे, कारण नंतर शोध घेताना त्याचे छायाचित्र आम्ही शेजारच्या चौथीत शिकणाऱ्या मुलाला वाचायला दिले, तेव्हा त्याने जराही न अडखळता ‘घनकवडी’ असे वाचले.

नववा लिफाफा पुण्याच्या भवानी पेठेतील पत्त्याचा. तो सोलापूरच्या बाहेर गेलाच नाही. सोलापुरातही भवानी पेठ आहे. आमच्याकडील टपाल वाटणाऱ्या पोस्टमनने दोन दिवस त्या पेठेत नाव विचारले, कोणी ओळखले नाही, आणि अखेर लिफाफ्याच्या मागच्या बाजूवरील पत्ता वाचून तो स्वतः घरी घेऊन आला. विद्यार्थिनीच्या वडिलांच्या हातात देताना तो म्हणाला, ‘‘काका, अक्षर लई भारी काढलंय पोरीनं, पण पेठ कुठली ते कळंना झालंय.’’

त्याची तक्रार तंतोतंत खरी होती. आम्ही तिघांनी तो लिफाफा टेबलावर ठेवून बराच वेळ पाहिला.

कारणमीमांसा

सर्वप्रथम अक्षरांविषयी. देवनागरीत भ आणि म यांतील, तसेच ध आणि घ यांतील दिसण्यातला भेद मुख्यतः शिरोरेषेतल्या एका लहानशा खंडावर उभा असतो. भ च्या डाव्या खांद्यावर शिरोरेषा थांबते, तिथे अक्षराची गाठ असते, आणि मग पुढे काना उतरतो. तो खंड मिटवला की भ चा म होतो आणि ध चा घ होतो. मोडीत शिरोरेषा अक्षरांच्या आधीच ओढलेली असल्याने तिच्यातील खंडावर अक्षराची ओळख ठेवणे शक्यच नाही. म्हणून मोडीत ही अडचण येत नाही. आम्ही मोडीची रेषा घेतली आणि अक्षरे बाळबोधाची ठेवली, आणि तिथेच गफलत झाली. लिफाफ्यावर ‘मवानी पेठ’ असे उतरले होते. शिवाय शब्दांमधील जागाही त्या अखंड रेषेने भरून काढल्याने नाव कुठे संपते आणि घर क्रमांक कुठे सुरू होतो, हे थांबून शोधावे लागत होते.

परंतु एवढ्याने लिफाफा चुकला नसता. धनकवडीचा चुकला नाही, हा त्याचा पुरावा. ‘मवानी पेठ’ वाचणारा माणूस क्षणभर थबकून भवानी पेठ असेच समजून घेतो. खरा घोळ पिनकोडात झाला. पिनकोडाचा पहिला अंक विभाग सांगतो, पहिले तीन अंक मिळून वर्गीकरणाचा जिल्हा सांगतात आणि शेवटचे तीन टपाल कार्यालय. पुण्याचे ४११, सोलापूरचे ४१३. म्हणजे दोन्ही गावांत फरक फक्त तिसऱ्या अंकाचा. तिने पिनकोड देवनागरी अंकांत लिहिला होता, आणि तिसऱ्या १ च्या पोटाखाली शोभेसाठी आणखी एक वळसा घेतला होता. दुसरे पोट मिळाल्यावर १ चा ३ व्हायला वेळ लागत नाही. पुढचे तीन अंक सोलापूरच्या भवानी पेठेशी जुळत नव्हते, पण पेठ ओळखीची, वर सुरुवातीचे अंक आपल्याच गावाचे. लिफाफा स्थानिक वाटपात पडला, यात वर्गीकरण करणाऱ्याचा दोष मला दिसत नाही.

आणि मग ‘पुणे’ हा शब्द कुठे होता? तो होता, आणि लिफाफ्यावरील सर्वांत मोठा शब्द तोच होता. खालच्या काठात, तेलुगू अक्षरांच्या रांगेत, चार सेंटिमीटर रुंद. विद्यार्थिनीला गावाचे नाव मानाने मांडायचे होते, म्हणून तिने ते काठात नेले. पण काठात गेलेली गोष्ट काठच होते. वाचणाऱ्याची नजर तिथे नक्षी पाहते, मजकूर शोधत नाही.

या तिन्ही गोष्टी शेजारी ठेवल्यावर जे दिसले, ते या प्रकरणातील सर्वांत महत्त्वाचे निरीक्षण आहे असे मी मानते. पत्त्यात एकच गोष्ट वेगवेगळ्या तऱ्हेने पुन्हा पुन्हा सांगितलेली असते. पिनकोड गाव सांगतो, गावाचे नाव गाव सांगते, आणि पेठ किंवा वसाहतही बहुधा गाव सांगते. हे तीन साक्षीदार आहेत. धनकवडीच्या लिफाफ्यावर वसाहतीचे नाव बिघडले, पण पिनकोड स्वच्छ होता आणि ते नावही एकाच गावाचे. दोन साक्षी उभ्या राहिल्या. भवानी पेठेच्या लिफाफ्यावर गाव नक्षीत लपले, पिनकोड शोभेने बदलला, आणि उरलेली तिसरी साक्ष दोन गावांना सारखीच लागू होती. सजावटीने एखादा साक्षीदार मुका केला तर पत्र निभावून जाते. दोन मुके केले तर तिसऱ्यावर सगळा भार येतो, आणि तो कधी फितूर निघेल ते सांगता येत नाही.

वडिलांचा ग्राफ

दुरुस्तीची दिशा तिच्या वडिलांनी दाखवली. परत आलेला लिफाफा पाहून ते काही बोलले नाहीत. आत जाऊन जुन्या चौकटीच्या कागदांची गुंडाळी घेऊन आले आणि पेन्सिलने त्यावर भ काढू लागले. ग्राफवरील प्रत्येक चौकोनाला ते ‘घर’ म्हणतात. एक घर म्हणजे उभ्या-आडव्या धाग्यांची एक गाठभेट. त्यांनी आधी काना भरला, मग डावीकडील गाठ, आणि शिरोरेषेत दोन घरे रिकामी सोडली. मी विचारले, एक घर सोडले तर चालणार नाही का? ते म्हणाले, ‘‘मॅडम, कागदावर चालतं. मागावर धागा फुगतो, एक घर मिटून जातं. दोन सोडली की एक उरतं.’’

हे ऐकताच मला आमच्या कागदाचे वागणे आठवले. कार्ट्रिज कागदावरही शाई थोडी पसरतेच. निबेने सोडलेला अर्ध्या मिलिमीटरचा खंड वाळेपर्यंत केसाएवढा उरतो. अक्षरांकन करणाऱ्याने खंड डोळ्याला हवा त्यापेक्षा दुप्पट सोडला पाहिजे, हे मी पंचवीस वेळा शिकवले असेन, परंतु ते कशासाठी, हे मला इतक्या थेट शब्दांत कधी सांगता आले नव्हते.

दुसरी गोष्ट त्यांनी सांगितली ती क्रमाची. चादरीत नाव विणायचे असेल तर ग्राफवर आधी नाव बसवतात आणि उरलेल्या घरांत नक्षी भरतात, कारण नक्षीचे फूल दोन घरे लहान झाले तरी फूलच राहते, अक्षराचे तसे नाही. आम्ही नेमके उलटे केले होते. अंथरूण पाहून पाय पसरावे असे आपण म्हणतो. आम्ही अंथरुणावर आधी फुले काढली आणि पायांना जागा नंतर शोधली.

बोलण्याच्या ओघात त्यांनी विचारले, की टपाल खात्याने स्वतः कधी असे चित्रांचे लिफाफे काढले होते का. मी त्यांना १८४० मधील ब्रिटिश टपालाची हकीकत सांगितली. जगातील पहिले चिकटवायचे टपाल तिकीट निघाले, त्याच वेळी विल्यम मलरेडी या चित्रकाराने काढलेल्या चित्राचे लिफाफेही विक्रीस आले. त्यांवर ब्रिटानिया, म्हणजे स्त्रीरूपात कल्पिलेले ब्रिटन, जगाच्या दिशांना दूत धाडते आहे असे भव्य चित्र होते. लोकांनी त्याची इतकी टिंगल केली, इतकी विडंबने छापली, की ते लिफाफे लवकरच मागे घ्यावे लागले. वडिलांनी थोडा विचार करून म्हटले, ‘‘सगळ्यांना एकच चित्र दिलं म्हणून असंल. ज्याला पाठवायचं त्याचं त्यात काहीच नाही की.’’ ते पूर्ण कारण असो वा नसो, आमच्या कामाला ते लागू पडले: नव्या मालिकेत प्रत्येक काठ पाठवणाऱ्याच्या घरातून आणि प्रत्येक मैदान घेणाऱ्याच्या पत्त्यातून घडवायचे, असे तिथेच ठरले.

नवी मांडणी

नव्या मांडणीची सुरुवात रिकाम्या जागांपासून केली. आंतरराष्ट्रीय टपालाच्या प्रमाणांनुसार तिकिटांसाठी वरच्या कडेपासून ४० मिलिमीटर आणि उजव्या कडेपासून ७४ मिलिमीटर एवढा कोपरा राखला जातो. पत्ता त्या चाळीस मिलिमीटरांच्या खाली येतो आणि डावी, उजवी व खालची कड यांपासून किमान १५ मिलिमीटर आत राहतो. १६२ मधून ७४ वजा केले की वर डावीकडे ८८ गुणिले ४० मिलिमीटरचा पट्टा पूर्णपणे सजावटीसाठी मोकळा मिळतो. आम्हाला वाटले होते त्यापेक्षा ही जागा कितीतरी मोठी आहे. पहिल्या रचनेत ती जवळजवळ वाया गेली होती, कारण सगळा जोर पत्त्यावर होता. आता तेलुगू काठाची दाट वीण त्या पट्ट्यात आली, तिथून डाव्या कडेने फिक्या निळ्यात खाली उतरली, आणि पत्त्याच्या जवळ येता येता विरळ होत गेली.

पत्ता लिहिण्याचा क्रमही बदलला: आधी पिनकोड, मग गाव, मग वसाहत, आणि नाव सर्वांत शेवटी. वाचणारा याच क्रमाने वाचतो, म्हणून लिहिणाऱ्याचे लक्ष ताजे असताना तोच भाग पुरा व्हावा. पिनकोड सहा सुट्या चौकोनांत, कोणत्याही वळशाशिवाय, आणि महाराष्ट्राबाहेरच्या पत्त्यांसाठी आंतरराष्ट्रीय अंकांत. दिल्ली, कोलकाता यांसारख्या ठिकाणी यंत्रेही पत्ता वाचतात. यंत्राला १ चे दुसरे पोट समजून घेण्याचे कारण नाही.

मग अक्षरांना शोभा द्यायचीच नाही का, हा प्रश्न विद्यार्थिनीने विचारला, आणि तो विचारताना तिचा आवाज थोडा पडला होता. मी तिला एकेका अक्षराचे अवयव दाखवले. गाठ आणि खंड यांना हात लावायचा नाही. परंतु वेलांटीचा माथा, उकाराचे शेपूट, ओळीतल्या शेवटच्या कान्याचा पाय, रफार, हे सगळे मोकळे आहेत; ते कितीही लांबवले तरी अक्षर बदलत नाही. ‘कोल्हापूर’ मधील पू चा दीर्घ उकार तिने खाली ओढत थेट डाव्या काठापर्यंत नेला आणि तिथे तो तेलुगू अक्षरांत मिसळला. तो लिफाफा या मालिकेतील सर्वोत्कृष्ट आहे, हे माझे ठाम मत आहे. अडचण एकच: वरच्या ओळीचे उकार आणि खालच्या ओळीच्या वेलांट्या एकमेकांत अडकतात, म्हणून दोन ओळींतले अंतर अक्षराच्या उंचीच्या दीडपटीहून कमी ठेवता येत नाही. मोडीची अखंड रेषाही आम्ही टाकून दिली नाही. ती मागच्या झापेवर गेली, जिथे तिच्यावर कोणाचे पोहोचणे अवलंबून नव्हते.

शाई रंगद्रव्याची, पाण्याने न विरघळणारी घेतली. अशी शाई फाउंटन पेनात भरली तर पेन तुंबण्याची भीती असते, त्यामुळे ती टाकानेच वापरायची. प्रत्येक लिफाफा वाळल्यावर ओल्या अंगठ्याने पुसून पाहिला. चादरीचा तुकडा काढून त्याऐवजी निळ्या सुताचे चार धागे ठेवले.

परदेशी तीन लिफाफ्यांसाठी पत्ता रोमन लिपीत आणि देशाचे नाव शेवटच्या ओळीत मोठ्या अक्षरांत घेतले. येथे साधनाची एक गोष्ट आडवी आली: देवनागरीसाठी बोरूचे टोक ज्या बाजूला तिरके कापतात, रोमनसाठी त्याच्या उलट बाजूची तिरपी लागते. एकच टोक दोन्हीकडे वापरले की एक लिपी परक्या हाताची वाटते. तिने दोन टोके ठेवली. अमेरिकेच्या लिफाफ्यावर खाली उजवीकडे सुमारे १६ गुणिले १२० मिलिमीटरची पट्टी तेथील टपालाच्या बारकोडसाठी मोकळी ठेवली, त्यामुळे खालचा काठ डाव्या कोपऱ्यातच थांबला. अर्धवट काठ प्रथम आम्हाला खटकला. वडील मात्र म्हणाले, मागावरून कापलेल्या तुकड्याचा काठ असाच असतो.

पेटीत टाकण्यापूर्वी बाराही लिफाफे चौथीतल्या त्याच मुलाने हातभर अंतरावरून मोठ्याने वाचले. एका ठिकाणी तो अडखळला, तो लिफाफा पुन्हा लिहिला.

दुसरी फेरी

ऑगस्टमध्ये भारतातील नऊ लिफाफे त्याच पत्त्यांवर पुन्हा गेले आणि नऊही पोहोचले. रत्नागिरीचा तर भिजून पोहोचला आणि त्यावरील प्रत्येक अक्षर शाबूत होते. परदेशातील तीनपैकी जर्मनी आणि जपान येथून पोच आली आहे, अमेरिकेतून अद्याप आलेली नाही.

भवानी पेठेच्या पहिल्या लिफाफ्याचे काय करावे, यावर थोडी चर्चा झाली. मी तो वर्गात नमुना म्हणून ठेवावा असे सुचवले. विद्यार्थिनीने नकार दिला. जे पाठवले ते आपले राहिले नाही, असे ती म्हणाली. तिने तो, होता तसाच, एका मोठ्या साध्या लिफाफ्यात घालून पुण्याला रवाना केला. आता त्यावर सोलापूरचा शिक्का आहे, बिघडलेला १ आहे, आणि ‘मवानी पेठ’ या शब्दांखाली पोस्टमनने निळ्या बॉलपेनने ओढलेली एक सरळ रेघ आणि तिच्या टोकाशी लहानसे प्रश्नचिन्ह आहे.